लिंकन पुरा शिकवा : महाराष्ट्रातील मुख्याध्यापक आणि इतिहासाच्या शिक्षकांना खुले पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक आणि शिक्षक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

आपल्या शाळांच्या भिंतींवर जे मोजके परदेशी लोक दिसतात त्यांत अब्राहम लिंकन हमखास असतो, आणि तो तिथे असतो एका पत्रामुळे. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले, ‘त्याला हेही शिकवा, तेही शिकवा’ असे विनवणारे ते पत्र आपण शिक्षकदिनी वाचतो, दहावीच्या निरोपसमारंभात ऐकतो. पालकसभेत कुणीतरी ते पाठ म्हणून दाखवतो. ते पत्र लिंकनचे नाही. त्याची पत्रे, भाषणे, टिपणे, अगदी दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा अभ्यासकांनी वर्षानुवर्षे खपून खंडांमध्ये छापल्या आहेत. त्यांत हे पत्र नाही. त्याचे हस्तलिखितही कुठे मिळालेले नाही. मजकूर सुंदर आहे, मुलांनी तो जरूर वाचावा. फक्त त्याखालचे नाव काढा, एवढे आधी सांगून टाकतो.

माझे खरे म्हणणे त्यापुढचे आहे. जे पत्र लिंकनने लिहिले नाही ते आपल्याला तोंडपाठ आहे आणि जी लिहिली त्यांतले एकही आपण वर्गात उघडत नाही. आपल्या मुलांना लिंकन भेटतो तो लाकडी झोपडीत जन्मलेला, चुलीच्या उजेडात वाचणारा, प्रामाणिक वकील म्हणून. मग एकदम तो गुलामांना मुक्त करतो आणि नाट्यगृहात गोळी लागून मरतो. या दोन टोकांच्या मध्ये जो माणूस होता, वंशाबद्दल आणि गुलामगिरीबद्दल जो अनेक वर्षे अडखळत होता, चुकीचे बोलत होता, चुकीचे वागतही होता आणि तरी हळूहळू सरकत होता, तो आपण गाळून टाकला आहे. तो परत आणा, एवढ्यासाठी हे पत्र.

त्याच्या दोन खऱ्या पत्रांपासून सुरुवात करतो. १८४१ साली बत्तीस वर्षांचा लिंकन ओहायो नदीतून वाफेच्या बोटीने घरी परतत होता. बोटीवर एका माणसाने केंटकीत ठिकठिकाणी विकत घेतलेले बारा गुलाम होते. सहा-सहा जणांना एका साखळीत अडकवले होते आणि दक्षिणेत विकलेल्या माणसांचे जे होई तेच त्यांचेही होणार होते : घर, आईबाप, बायकापोरे कायमची सुटणार. लिंकनने हे दृश्य मेरी स्पीड या ओळखीच्या बाईंना पत्रात कळवले. गळाच्या दोरीला ओळीने मासे लटकावेत तसे ते दिसत होते, असे त्याने लिहिले. आणि पुढे लिहिले की इतके असूनही बोटीवर सर्वांत आनंदी तेच होते. एकजण सारखा फिडल वाजवत होता, बाकीचे नाचत-गात होते, पत्ते खेळत होते. त्या दृश्यावरून लिंकनला सुचला तो देवाच्या दयेचा विचार : वाईटातली वाईट स्थितीही तो माणसाला सुसह्य करतो.

चौदा वर्षांनी, २४ ऑगस्ट १८५५ रोजी, त्याने त्याच प्रवासाबद्दल पुन्हा लिहिले. या वेळी पत्र होते मेरीचा सावत्रभाऊ जोशुआ स्पीड याला. जोशुआ लिंकनचा जिवलग मित्र, त्या बोटीवरचा सोबती, आणि स्वतः गुलाम बाळगणाऱ्या घरातला. आता त्या पत्रात फिडल नाही, पत्ते नाहीत. ते दृश्य मला सतत छळत राहिले, असे तो म्हणतो. ओहायोच्या काठाला लागलो की दर वेळी असेच काहीतरी दिसते, आणि ज्या गोष्टीत मला दुःखी करण्याची ताकद आहे तिच्याशी माझा काही संबंध नाही असे तू गृहीत धरू नकोस, असे तो मित्राला बजावतो.

माणसे तीच, बोट तीच. मधल्या चौदा वर्षांत पाहणारा बदलला. की त्याला तेव्हाही बोचले होते आणि एका स्त्रीला लिहिताना त्याने ते हलके केले? इतिहासाच्या वर्गाला यापेक्षा चांगला प्रश्न कोणता मिळणार? आठवीतल्या मुलालाही ही दोन पत्रे शेजारी ठेवून वाचता येतात.

आता त्याच्या वागण्याकडे वळू. ऑक्टोबर १८४७ मध्ये इलिनॉय राज्यातल्या चार्ल्सटन गावी एक खटला चालला. रॉबर्ट मॅटसन हा केंटकीचा जमीनदार दर हंगामात आपले गुलाम इलिनॉयमधल्या शेतावर कामाला आणत असे. इलिनॉय गुलामगिरी नसलेले राज्य. जेन ब्रायंट नावाची गुलाम स्त्री आपल्या चार मुलांसह पळाली, तिने आसरा घेतला आणि मॅटसनने तिला परत मिळवण्यासाठी दावा लावला. त्याच्या वकिलांत अब्राहम लिंकन होता. जेन आणि तिची मुले परत गुलामगिरीत जावीत यासाठी त्याने न्यायालयात युक्तिवाद केला. तो हरला आणि ती मुक्त झाली. वकिलाने दारी आलेला पक्षकार घेतला, एवढाच त्याचा अर्थ आहे असे काहीजण म्हणतात. असेलही. पण त्या दिवशी निकाल उलटा लागता तर पाच माणसांचे काय झाले असते, याचा विचार मुलांनी करावा असे मला वाटते.

याच चार्ल्सटनमध्ये अकरा वर्षांनी, १८ सप्टेंबर १८५८ रोजी, लिंकन पुन्हा उभा होता. या वेळी सिनेटच्या जागेसाठी. प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस. दोघांचे सात जाहीर वादविवाद झाले, त्यातला हा चौथा. हा काळ्यांना गोऱ्यांच्या बरोबरीला बसवायला निघाला आहे, असा डग्लसचा लिंकनवर लाडका आरोप होता. लिंकनने चार्ल्सटनमध्ये सुरुवातीलाच उत्तर दिले : गोऱ्या आणि काळ्या वंशांची सामाजिक व राजकीय समता कोणत्याही मार्गाने घडवून आणावी या मताचा मी नाही आणि कधीच नव्हतो. काळ्यांना मतदार करावे, ज्युरी करावे, त्यांना पदे द्यावीत, त्यांचे गोऱ्यांशी विवाह व्हावेत, यातले काहीच मला मान्य नाही. दोन्ही वंश एकत्र राहणार असतील तर एक वरचढ आणि एक खालचा असणारच, आणि वरचे स्थान गोऱ्यांकडे असावे असे मला इतर कुणाहीइतकेच वाटते.

हे शब्द सौम्य करून सांगण्याची सोय नाही. ते छापील आहेत, आणि वर्णद्वेष्टे लोक ते आजही आनंदाने वापरतात. आपण ते वर्गात सांगितले नाहीत तर मुलांना ते पुढे कुठेतरी मोबाइलवर सापडतील, आणि तिथे त्यांना दुसरी बाजू सांगणारा कुणी नसेल.

दुसरी बाजू आहेच, आणि तीही त्याच उन्हाळ्यातली आहे. दोन महिने आधी, १० जुलैला शिकागोत तोच लिंकन म्हणाला होता की हा माणूस आणि तो माणूस, हा वंश आणि तो वंश खालचा, ही शब्दांची ओढाताण आपण सोडून देऊ. २१ ऑगस्टला ऑटावा गावच्या सभेत त्याने सांगितले की स्वतःच्या हाताने मिळवलेली भाकरी कुणाचीही परवानगी न घेता खाण्याच्या हक्कात काळा माणूस माझ्या बरोबरीचा आहे, डग्लससाहेबांच्या बरोबरीचा आहे, जिवंत असलेल्या प्रत्येक माणसाच्या बरोबरीचा आहे. शिकागो उत्तरेकडे, तिथले लोक गुलामगिरीविरोधी. चार्ल्सटन दक्षिणेकडे, तिथली वस्ती केंटकीसारख्या राज्यांतून आलेली. सभेनुसार सूर बदलणारा राजकारणी आपल्याला नवा नाही. तरी भाकरीचा मुद्दा त्याने सोडला नाही, हेही खरे. गुलामगिरी अन्याय आहे हे तो १८३७ पासून, विधिमंडळातल्या पहिल्या वर्षांपासून, जाहीरपणे म्हणत आला होता. गुलामगिरी चुकीची आणि काळा माणूस मात्र समान नाही, ही दोन्ही मते एका डोक्यात सुखाने नांदू शकतात, हे लिंकनच्या चरित्रातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसते. आपल्याकडचे ‘स्पृश्यास्पृश्य पाळू नये, पण सोयरीक नको’ म्हणणारे सुधारक ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे ओळखीचे वाटेल.

इथे एक उत्तर नेहमी येते : त्या काळाच्या चौकटीत पाहा. मी पाहतो. इलिनॉयने १८५३ साली कायदा करून काळ्या माणसांना राज्यात वस्तीला येण्यासच बंदी केली होती. तिथे समतेची भाषा करणारा निवडून येणे जवळजवळ अशक्य होते. पण त्याच काळात बॉस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसन १८३१ पासून वर्तमानपत्र चालवून तत्काळ आणि बिनशर्त मुक्ती मागत होता. दक्षिणेतल्या गुलाममालकाच्या घरात वाढलेल्या ग्रिमके भगिनी गावोगाव भाषणे देत होत्या. मेरीलँडमधल्या गुलामगिरीतून १८३८ साली पळालेला फ्रेडरिक डग्लस (सिनेटचा उमेदवार स्टीफन डग्लस वेगळा) देशातल्या सर्वोत्तम वक्त्यांत गणला जात होता. आणि सुमारे चाळीस लाख गुलाम तर त्याच काळात जगत होते. त्यांना समता हवी होती की नाही, हे कुणी विचारायला नको. ‘त्या काळी’ असे म्हणताना आपण नकळत फक्त गोऱ्या मतदारांचा काळ मोजतो.

चार्ल्सटनच्या भाषणाला मतांची सबब देता येते. पण त्याच्या दुसऱ्या एका कल्पनेला ती सबब नाही, आणि माझ्या मते लिंकनच्या विचारातला सर्वांत दुबळा भाग तोच आहे. मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी अमेरिका सोडून जावे, आफ्रिकेत किंवा मध्य अमेरिकेत वसाहत करावी, असे त्याला मनापासून वाटत होते. ही कल्पना त्याने आपला राजकीय आदर्श हेन्री क्ले याच्याकडून घेतली आणि १८५२ मध्ये क्लेच्या श्रद्धांजलीच्या भाषणात तिची स्तुतीही केली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ती धोरण बनली. १८६२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यासाठी एकूण सहा लाख डॉलर मंजूर केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम मुक्त झाले तेव्हा दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई मिळाली, पण ती मालकांना. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून दिले त्यांच्यासाठी त्या कायद्यात पैसे होते ते देश सोडून गेले तरच, माणशी १०० डॉलरपर्यंत.

१४ ऑगस्ट १८६२ चा दिवस तर मुलांना तपशिलाने सांगावा असा आहे. गुलामगिरीच्या प्रश्नावरून फुटून निघालेली दक्षिणेतली बंडखोर राज्ये आणि लिंकनचे संघराज्य यांच्यात तेव्हा यादवी युद्ध चालू होते. त्या दिवशी लिंकनने वॉशिंग्टनमधल्या पाच काळ्या पुढाऱ्यांना राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी बोलावले. कृष्णवर्णीय शिष्टमंडळाला राष्ट्राध्यक्षाने धोरणाबद्दल बोलायला बोलावणे ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. शहरातली शिकलेली, स्वतंत्र, मानाची माणसे होती ती. त्यांना बसवून राष्ट्राध्यक्ष म्हणाला : तुमच्यावर झालेला अन्याय कोणत्याही समाजावर झालेल्या अन्यायांत सर्वांत मोठा आहे असे मला वाटते. पण तुम्ही आणि आम्ही वेगळे वंश आहोत. तुम्ही आमच्यात राहून सोसता आणि आम्ही तुमच्या असण्याने सोसतो. तुमचा वंश आमच्यात नसता तर हे युद्धच झाले नसते. तेव्हा आपण वेगळे झालेले दोघांच्याही हिताचे. मग त्याने मध्य अमेरिकेतल्या चिरिकी भागातल्या कोळशाच्या खाणींचे वर्णन केले आणि तिकडे जायला माणसे तयार करा असे सांगितले.

ज्यांना साखळदंडात घालून या देशात आणले, त्यांच्याच डोक्यावर युद्धाचा दोष. फ्रेडरिक डग्लसने आपल्या मासिकात याचा जळजळीत समाचार घेतला. घोडा आहे म्हणून घोडेचोराला निर्दोष ठरवता येत नाही, असे त्याने बजावले.

या धोरणाची किंमत माणसांनी मोजली. ३१ डिसेंबर १८६२ रोजी, म्हणजे मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही होण्याच्या आदल्या दिवशी, लिंकनने हैतीजवळच्या इल-आ-व्हाश या बेटावर मुक्त गुलामांची वसाहत करण्याचा करार एका ठेकेदाराशी केला. १८६३ च्या एप्रिलमध्ये सुमारे ४५० स्त्री-पुरुष-मुले तिकडे गेली. देवीची साथ आली, राहायला घरे नव्हती, खायला पुरत नव्हते. कित्येकजण तिथेच मेले. १८६४ च्या सुरुवातीला लिंकनने जहाज पाठवून उरलेल्यांना परत आणले. चिरिकीची योजना कागदावरच बारगळली. १ जुलै १८६४ ला त्याचा चिटणीस जॉन हे याने रोजनिशीत लिहिले की राष्ट्राध्यक्षांनी ती वसाहतीची कल्पना अखेर टाकून दिली याचा आनंद वाटतो.

आता मुक्तीच्या जाहीरनाम्याकडे येतो, कारण आपली पुस्तके सगळी इथे येऊन थांबतात. १ जानेवारी १८६३ चा तो दस्तऐवज बंडखोर राज्यांपुरता होता. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी या राज्यांतले गुलाम त्याने मुक्त झाले नाहीत. टेनेसी आणि लुइझियाना-व्हर्जिनियाचे काही भागही वगळले होते. सगळीकडची गुलामगिरी कायद्याने संपली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, डिसेंबर १८६५ मध्ये, लिंकनच्या मृत्यूनंतर. पण म्हणून जाहीरनामा पोकळ होता असे म्हणणारेही मला मान्य नाहीत. त्यातल्या एका कलमाने काळ्या माणसांना सैन्यात घेण्याचा रस्ता उघडला आणि युद्धाचा अर्थच बदलला.

आणि हा रस्ता लिंकनने एकट्याने उघडला नाही. २३ मे १८६१ च्या रात्री व्हर्जिनियात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडी वल्हवत संघराज्याच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर पोचले. त्यांना बंडखोरांची तटबंदी बांधायला जुंपले होते. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर याने त्यांना मालकाकडे परत करायला नकार दिला. बातमी पसरली, आणि माणसे येतच राहिली, शेकड्यांनी, मग हजारांनी. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न या माणसांनी आपल्या पायांनी चालत येऊन वॉशिंग्टनच्या टेबलावर ठेवला. त्या वेळी लिंकनचे सरकार गुलामगिरीला हात लावायला तयार नव्हते. फ्रेमाँट या सेनापतीने मिसूरीतल्या बंडखोरांचे गुलाम मुक्त जाहीर केले तेव्हा लिंकनने तो हुकूम १८६१ च्या सप्टेंबरात रद्द केला. १८६२ च्या मेमध्ये हंटर या दुसऱ्या सेनापतीचा तसाच हुकूमही रद्द केला. आपल्या पुस्तकांत बेकर, मॅलरी, टाउनसेंड ही नावे का नाहीत? लिंकनइतकी मोठी अक्षरे नकोत, पण एक ओळ?

पुढे सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक संघराज्याच्या लष्करात लढले. त्यांत फ्रेडरिक डग्लसचे दोन मुलगे होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. काळ्याला १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून हातात ७. चौपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने हा अपमान नको म्हणून पगारच नाकारला आणि बिनपगारी लढत राहिली. ऑगस्ट १८६३ मध्ये डग्लस या तक्रारी घेऊन लिंकनला भेटला. समान पगाराचा कायदा व्हायला जून १८६४ उजाडला.

लिंकन बदलला तो इथे, हे माझे ठाम मत आहे. २६ ऑगस्ट १८६३ ला त्याने आपल्या गावच्या, स्प्रिंगफील्डच्या सभेसाठी जेम्स कॉन्कलिंगला लिहिलेले पत्र वाचा. जाहीरनाम्यावर चिडलेल्या गोऱ्यांना तो म्हणतो, काळ्यांना मुक्त करण्यासाठी लढणार नाही असे तुम्ही म्हणता, त्यांच्यातले काही तुमच्यासाठी लढायला तयार दिसतात. आणि पुढे : शांतता येईल तेव्हा काही काळ्या माणसांना आठवेल की मुक्या जिभेने, दात आवळून, स्थिर नजरेने आणि पेललेल्या संगिनीने आपण मानवजातीला इथवर यायला हात दिला. आणि काही गोऱ्यांना विसरता येणार नाही की दुष्ट मनाने आणि कपटी वाणीने आपण ते अडवू पाहिले. चार्ल्सटनमध्ये बोललेला माणूस पाच वर्षांत हे लिहितो. मार्च १८६४ मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरला तो खासगीत सुचवतो की काही काळ्यांना, विशेषतः जे आपल्या बाजूने शौर्याने लढले त्यांना, मताचा हक्क द्यावा. ११ एप्रिल १८६५ ला हेच तो जाहीर भाषणात म्हणतो. त्या गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. काळ्यांना नागरिकत्व मिळणार हे ऐकून, हे याचे शेवटचे भाषण, असे तो सोबत्याला म्हणाला. तीन दिवसांनी त्याने गोळी झाडली.

चार्ल्सटन गाळले की या शेवटच्या भाषणाला अर्थ उरत नाही. काळ्यांना मतदार करायला माझा विरोध आहे असे स्पष्ट म्हणणारा माणूस सात वर्षांनी त्यांच्यातल्या काहींना मत मिळावे म्हणतो आणि त्याबद्दल मारला जातो. जन्मतःच महात्मा असलेल्या लिंकनच्या गोष्टीत हे घडूच शकत नाही. ‘घटनांवर माझे नियंत्रण होते असा माझा दावा नाही, घटनांनीच मला चालवले,’ हे त्याने स्वतः एप्रिल १८६४ मध्ये आल्बर्ट हॉजेसला लिहिले आहे. त्या घटना म्हणजे माणसे होती.

लिंकनचे सर्वांत न्याय्य मूल्यमापन एका माजी गुलामाने केले आहे. १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुतळ्याचे पैसे मुक्त झालेल्या गुलामांनी जमवले होते. पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट नावाच्या, व्हर्जिनियात गुलाम असलेल्या बाईंचे. समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट, मंत्री, न्यायाधीश. वक्ता फ्रेडरिक डग्लस. आणि अशा प्रसंगी तो म्हणाला की लिंकन सर्वार्थाने गोऱ्या माणसांचा राष्ट्राध्यक्ष होता, गोऱ्यांच्या कल्याणाला वाहिलेला. गोऱ्या श्रोत्यांना तो म्हणाला, तुम्ही त्याची मुले आहात, आम्ही फार तर सावत्र. मग त्याच भाषणात : गुलामगिरीच्या निखळ निर्मूलनवाद्यांच्या जागेवरून पाहिले तर लिंकन सुस्त, थंड, निरुत्साही आणि बेफिकीर वाटत होता. पण त्याच्या देशाच्या भावनेने मोजले तर तो वेगवान, तळमळीचा, जहाल आणि निर्धारी होता.

त्या पुतळ्यात लिंकन उभा आहे आणि काळा माणूस त्याच्या पायाशी गुडघ्यावर. काही दिवसांतच डग्लसने वर्तमानपत्राला पत्र लिहून कळवले की चौपाया जनावरासारखा नव्हे, तर दोन पायांवर ताठ उभा असलेला काळा माणूस मला मरण्यापूर्वी एखाद्या स्मारकात पाहायचा आहे. याच शिल्पाची बॉस्टनमधली प्रतिकृती डिसेंबर २०२० मध्ये हटवली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने तर २०२१ च्या सुरुवातीला एका शाळेवरून लिंकनचे नाव काढायचा ठराव केला आणि काही महिन्यांत तो मागे घेतला. नाव खोडल्याने मुलांना काय कळणार, हे मला समजत नाही. त्या शिल्पाचे म्हणाल तर डग्लस बरोबर होता.

आपला यात संबंध काय, असे कुणी विचारेल. आपला संबंध १८७३ पासूनचा आहे. महात्मा फुले यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष आणि आत्मत्यागी निष्ठेबद्दल. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, ही इच्छा त्यांनी तिथेच नोंदवली. अर्पण पत्रिका वर्गात वाचून दाखवा आणि मुलांना विचारा, त्यात लिंकनचे नाव कुठे आहे? नाही. जोतीरावांनी एका माणसाला नव्हे, लोकांना वंदन केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कित्येक काळ्या माणसांची कत्तल केली होती, हेही शिक्षकाने सांगावे. पुण्यातून जे उज्ज्वल दिसत होते ते तिथे अजून रक्ताने लढले जात होते.

आणि बाबासाहेब. १९४५ साली, काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात त्यांनी लिंकनने होरेस ग्रीली या संपादकाला २२ ऑगस्ट १८६२ रोजी लिहिलेले पत्र पुढे ठेवले : एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसे करीन, सगळे मुक्त करून वाचत असेल तर तसे करीन. स्वराज्य आणि अस्पृश्य या प्रश्नांत गांधीजींची भूमिका अशीच आहे, हा त्यांचा मुद्दा. लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी असे सांगणाऱ्या लिंकनची, संघराज्य टिकत असेल तर काळ्यांवर गोऱ्यांचे राज्य चालायलाही हरकत नव्हती, इतक्या कडक शब्दांत त्यांनी ते सांगितले. मला हा निवाडा पूर्ण पटत नाही. ते पत्र लिहिण्याच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, लिंकनने जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. तेव्हा ते पत्र म्हणजे गोऱ्या जनमताची मशागतही असू शकते. पण ज्याची मुक्ती दुसऱ्याच्या सोयीवर टांगलेली आहे त्याच्या जागेवरून बाबासाहेबांनी लिंकनला वाचले, आणि ते वाचन आपल्याच राज्यातल्या वर्गांत पोचू नये याची मला खंत आहे.

मुलांना आदर्श हवेत, त्यांच्यापुढे थोरांची उणी काढू नयेत, असे आपल्यापैकी अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. मी आयुष्यभर वर्गात उभा राहिलो आहे आणि माझा अनुभव उलटा आहे. निष्कलंक माणसाची गोष्ट मुले परीक्षेपुरती पाठ करतात. चार्ल्सटनचे भाषण आणि कॉन्कलिंगचे पत्र एकापाठोपाठ वाचले की वर्गात भांडण लागते, हात वर होतात, मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा बोलतो. कुणी म्हणते तो ढोंगी होता, कुणी म्हणते तो शिकला. एका मुलीने विचारले होते की तो शिकत असताना जे मेले त्यांचे काय. तिला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि तो तास मला अजून माझ्या चांगल्या तासांपैकी एक वाटतो.

तेव्हा विनंती अशी. येत्या १२ फेब्रुवारीला, लिंकनच्या जयंतीला, नेहमीचे भाषण नको. नववी-दहावीच्या वर्गात त्याचेच शब्द वाटा : १८४१ आणि १८५५ ची बोटीबद्दलची पत्रे, चार्ल्सटन, १४ ऑगस्टचे बोलणे, कॉन्कलिंगचे पत्र, ११ एप्रिलचे भाषण. त्यासोबत डग्लसचे १८७६ चे भाषण, जोतीरावांची अर्पण पत्रिका आणि बाबासाहेबांचा तो उतारा. नावे आणि तारखा झाकून मुलांना क्रम लावायला सांगा. शिक्षकाने शेवटी निकाल देऊ नये. पाठ्यपुस्तक मंडळावर काम करणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनी पुढच्या आवृत्तीत लिंकनच्या पानावर डग्लसला जागा द्यावी आणि मन्रो किल्ल्यावरच्या तिघांची नावे लिहावीत.

इंग्रजी उताऱ्यांचा मराठी अनुवाद मी शाळेच्या मुलांना झेपेल अशा भाषेत करून ठेवला आहे. सगळा मिळून एका तासिकेत वाचून होतो. ज्या शाळेला हवा असेल तिने मागावा, मी पाठवीन. आणि माझ्या अनुवादात किंवा वर मांडलेल्या मतांत कुणाला चूक दिसली तर मुलांसमोर मांडण्याआधी मला अवश्य कळवावे.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त इतिहास शिक्षक